जुन्या लॅपटॉपला निरोप देण्यापूर्वी त्यातील मराठी फाइली कशा काढाव्यात?

खामला_वासी:
२०१४ मध्ये घेतलेला माझा लॅपटॉप आता अजिबात भरवशाचा राहिलेला नाही. सुरू केल्यावर पंखा घरघरतो, थोड्याच वेळात पडदा काळा होतो, आणि अलीकडे टचपॅडची डावी बाजू कितीही दाबली तरी दबत नाही. विंडोज १० ची सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबली आणि चौथ्या पिढीचा प्रोसेसर असल्यामुळे त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही, म्हणून नवीन लॅपटॉप घेतला आहे. मात्र पूर्व विदर्भातील झाडीपट्टी रंगभूमीविषयी वडिलांनी कृतीदेव या देवनागरी फॉन्टमध्ये टंकलेली टिपणे जुन्यातच आहेत. ती काढून घेऊन हा लॅपटॉप नागपुरातल्या बर्डीवरच्या एखाद्या दुकानात एक्स्चेंजमध्ये द्यावा, की शेजारच्या विद्यार्थ्याला द्यावा?

जुना_जाणता:
आपण टचपॅडचा उल्लेख ओघात केला आहे, पण मला सर्वाधिक काळजी त्याचीच वाटते. पातळ लॅपटॉपमध्ये बॅटरी बहुधा टचपॅडखालीच असते आणि ती फुगली की टचपॅड खालून दाबला जाऊन घट्ट होतो. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून पाहा; तो डुगडुगत असेल किंवा तळाच्या झाकणाची फट रुंदावलेली दिसत असेल, तर चार्जर ताबडतोब काढा आणि पुन्हा लावू नका. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, आणि घंटागाडीत तर मुळीच टाकू नये. नागपूरच्या मे महिन्यात बंद खोलीत पडून राहिलेल्या लिथियम बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटते. (कूलरसमोर लॅपटॉप ठेवणे हाही उपाय नव्हे; ती दमट हवा सर्किटला मानवत नाही.)

फाइलींसाठी तो सुरू करण्याची गरजच नाही. कारागिराकडून आधी बॅटरी आणि मग हार्ड डिस्क काढून घ्या, आणि अडीच इंची डिस्कचे यूएसबी केसिंग आणून ती नव्या लॅपटॉपला जोडा.

संत्रानगरी:
माझे मत थोडे वेगळे आहे. बॅटरी बदलून, आतली धूळ साफ करून, थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारा लेप) नव्याने लावून आणि एसएसडी या वेगवान डिस्कवर लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली टाकून तो विद्यार्थ्याला आणखी काही वर्षे वापरता येईल. केवळ विंडोजची मुदत संपली म्हणून चालते यंत्र मोडीत काढणे पटत नाही.

जुना_जाणता:
यंत्र चालते असते तर मीही हेच सुचवले असते. बॅटरी आणि एसएसडीचा खर्च करूनही पडदा काळा होण्याचे कारण मदरबोर्डमध्ये निघाले, तर त्या मुलाच्या पदरी ऐन परीक्षेत डोकेदुखी पडेल. आधी निदान करून घ्यावे, मगच दान.

टंकलेखिका_धंतोली:
कृतीदेवच्या फाइलींबाबत एक सूचना करते. हा युनिकोड (सर्व यंत्रांवर चालणारी अक्षरांची सामाईक पद्धत) फॉन्ट नाही. नव्या लॅपटॉपवर तो नसेल तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते, आणि फाइल खराब झाली असे समजून लोक ती काढून टाकतात. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून तो फॉन्टही सोबत घ्या. युनिकोड परिवर्तक वापरलात तरी मूळ फाइली जपून ठेवाव्यात, कारण रफार आणि पहिली वेलांटी बरेचदा भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. झाडीबोलीतील शब्द असतील तर शुद्धलेखन तपासणीवर विसंबू नका. ती बोलीतील रूपे चुकीची ठरवून बदलायला सुचवील.

खामला_वासी:
सर्वांचे आभार. लॅपटॉप टेबलावर खरोखरच डुगडुगतो, त्यामुळे चार्जर काढून ठेवला आहे. डिस्क काढून घेतल्यावर लॅपटॉप डिस्कविनाच दिला तर चालेल का?

जुना_जाणता:
अवश्य, तेच उत्तम. डिस्क द्यायचीच झाली तर फाइलींच्या दोन प्रती काढून त्या तपासून झाल्यावर ‘क्विक फॉरमॅट’समोरची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा, क्विकमध्ये केवळ अनुक्रमणिका पुसली जाते, मजकूर तसाच राहतो. उरलेला सांगाडा आणि बॅटरी भंगारवाल्याकडे न देता नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे सोपवा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी याची जबाबदारी उत्पादकांवरही टाकली आहे, तेव्हा कंपनीच्या ग्राहक सेवेकडे जवळच्या संकलन केंद्राची विचारणा करण्यास संकोच करू नका.