पोलीस, लाठी आणि कायदा: गोव्यातले तुमचे अनुभव लिहा

वकीलबाब (धागाकर्ता)

फोंडा-डिचोलीच्या कोर्टांत वकिली करतो. पक्षकार हमखास विचारतात, "पोलिसानं मारलं तर जायचं कुठं?" उत्तर सरळ नाही, म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी. गोव्यानं स्वतःचा नवा पोलीस कायदा अजून केलेला नाही. कारभार चालतो १८६१ च्या इंग्रजी कायद्यावर, जो १८५७ च्या उठावानंतर रयत धाकात राहावी म्हणून आला. तेव्हा इथं पोर्तुगीज होते, म्हणजे हा वारसा मुक्तीनंतर आयताच आपल्या गळ्यात पडला. सर्वोच्च न्यायालयानं २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंग खटल्यात सांगितलं की राज्यात आणि जिल्ह्यात पोलीस तक्रार प्राधिकरणं नेमा, त्यांच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक ठेवा. गोव्यात राज्य पातळीवर प्राधिकरण आलं, पण सरकारी आदेशानं. विधानसभेनं केलेल्या कायद्याचं पाठबळ त्यामागे नाही, आणि माझ्या मते खरी मेख इथंच आहे. आदेशावर उभ्या असलेल्या संस्थेच्या शिफारशीला किती वजन द्यायचं, हे शेवटी सरकारच ठरवतं.

नियम एकच: पोलीस स्थानकाचं आणि माणसांचं नाव लिहायचं नाही. काय घडलं, काय मागितलं, हातात काय पडलं, ते लिहा.

पिवळा मडगार्ड

मी मोटरसायकल पायलट, म्हणजे दुचाकी टॅक्सीवाला. हंगामातली रात्र, दोन गिऱ्हाइकांची आपसात बाचाबाची, मी सोडवायला मधे पडलो. गस्तीची जीप आली नि मलाच उचललं. आत पट्ट्यानं तळपायावर मारलं. तळपायाचं दिसत नाही ना!

कोर्टात न्यायच्या आधी इस्पितळात तपासणी. टेबलावर छापील फॉर्म, त्यात जखमांचा रकाना. डॉक्टर मान खाली घालूनच विचारतात, "काही त्रास?" हवालदार माझ्या खांद्याला खांदा लावून उभा. मी काय बोलणार? रकान्यात 'निल' पडलं. चपला काढायला कुणी सांगितलं नाही.

मॅजिस्ट्रेट मॅडमनी मात्र पोलिसांना बाहेर थांबायला लावलं आणि मग विचारलं. मी पाय वर करून दाखवले. त्यांनी पुन्हा तपासणीचा हुकूम दिला. दुसऱ्या कागदावर सूज आली, वळ आले, त्यांची लांबी सेंटिमीटरमध्ये आली, रंगसुद्धा आला. त्या कागदावर माझी तक्रार अजून तग धरून आहे. पोरांनो, मॅजिस्ट्रेटसमोर तोंड उघडा.

वकीलबाब

पायलटबाब, मोलाचं लिहिलंत. १९९६ च्या डी. के. बसू निकालापासून अटकेचा मेमो, नातेवाइकाला कळवणं आणि कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम ३६ प्रमाणे अटक करणाऱ्याचं नाव स्पष्ट दिसलं पाहिजे, आणि मेमोवर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची सही हवी. कबुलीसाठी मारहाण हा भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १२० खाली गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैद, जबर दुखापत असेल तर दहा. पण सरकारी नोकरावर खटला भरायचा तर सरकारी मंजुरीचा मुद्दा आड येतो, आणि तिथं वर्षं जातात.

गुळेलीकडची

६ जानेवारी २०२१ ला शेळ-मेळावलीत काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आयआयटीला जमीन द्यायला गावाचा विरोध होता, त्यावरून लाठीमार झाला, अश्रुधूर सोडला, दगडही आले. पुढं सरकारनं प्रकल्प तिथून हलवला. त्यावर मी नवीन काय सांगू? अश्रुधुरात डोळ्यांना पाणी लावलं की जळजळ वाढल्यासारखी वाटते आणि धावताना नऊवारीचा ओचा सुटतो, एवढं कळलं.

सांगायचंय ते नंतरचं. सासूबाईंना "जबाब द्यायला या" म्हणून निरोप आला. आमच्या पंचानं (पंचायत सदस्यानं) उलट निरोप दिला, की साक्षीदार बाई असेल तर तिला पोलीस स्थानकात बोलावता येत नाही, तुम्ही घरी या. आले. बाई पोलीसही बरोबर आणली. सासूबाईंनी त्यांना चहा दिला आणि जबाब वाचून दाखवल्याशिवाय अंगठा दिला नाही.

निवृत्त खाकी

उभी हयात खात्यात गेली, तेव्हा दुसरी बाजूही ऐका. ट्रेनिंगमध्ये शिकवतात, आधी इशारा, मग काठी, तीही कमरेखाली, जमाव पांगला की हात थांबला पाहिजे. जमाव पांगवायचा हुकूम द्यायचा दंडाधिकाऱ्यानं किंवा स्थानकप्रमुखानं, तो नसेल तर किमान उपनिरीक्षकानं. प्रत्यक्षात हुकूम तोंडी येतो आणि निलंबन शिपायाचं होतं. वरच्याला लेखी हुकूम द्यायला लावणारा कायदा आला तर पहिला टाळ्या मी वाजवीन.

आणि ड्यूटी बघा. नरकासुराच्या (नरकचतुर्दशीच्या आदल्या) रात्रीचा बंदोबस्त उरकून तोच शिपाई सकाळी आरोपी घेऊन कोर्टात उभा. मारण्याचं समर्थन करत नाही. पण झोप नसलेल्या माणसाच्या हातात काठी देणाऱ्याला कुणी विचारत नाही.

कळंगुट हॉटेलवाला

सगळे पोलिसांचे हात बांधायला निघालात. दारू पिऊन बाटल्या फोडणारे पर्यटक रात्री दोनला मी एकटा आवरू काय?

निवृत्त खाकी

शेट, तुमच्याकडे मीच यायचो. बाटली हिसकावायला बळ लागतं, ते कायद्यात आहेच. जीपमध्ये बसवल्यावर मारायला कायदा लागत नाही, मस्ती लागते.

रेती-सिमेंट

माझ्याकडचा गवंडी, कर्नाटकातला. साइटवरची केबल चोरीला गेली, संशयावरून नेला. रात्रभर आत, पण डायरीत नोंद नाही. सकाळी सोडला तेव्हा कानातून रक्त येत होतं.

डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक पोलीस स्थानकात आवाजासकट कॅमेरे लावायला सांगितले. रेकॉर्डिंग १८ महिने, अगदीच जमलं नाही तर किमान वर्षभर ठेवायचं. म्हणून आरटीआय टाकला. उत्तर आलं, "सदर कालावधीत यंत्रणा नादुरुस्त होती." त्याला सोडवायला गेलो तेव्हा त्याच कॅमेऱ्याचे पडद्यावरचे आकडे पुढं सरकताना मी पाहिले होते. गवंडी गावी निघून गेला. तक्रारदारच नाही म्हटल्यावर मी कुणाच्या नावानं भांडू?

वकीलबाब

मानवाधिकार आयोगाकडे त्याच्या वतीनं दुसऱ्यालाही जाता येतं, मात्र घटनेपासून वर्षाच्या आत. आणि फुटेज जपून ठेवा असा लेखी अर्ज त्याच दिवशी द्या, पोचपावतीसह. आरटीआयची वाट बघू नका.

शाळामास्तरीण

मी एका ठिकाणी दाद मागितली होती, नियमाप्रमाणे नाव लिहीत नाही. तारखांवर तारखा. मी रजा टाकून जायची, समोरचे अधिकारी ड्यूटीवर यायचे. ऐकून नीट घेतलं, खोटं कशाला बोलू? शेवटी शेरा आला, खात्यांतर्गत चौकशी व्हावी. म्हणजे त्याच खात्यानं! पुढं काय झालं ते मला आजतागायत कुणी कळवलेलं नाही.

साखळीचा सुशांत

वकीलबाब, तातडीचं. भावाला फोनवर "चौकशीला ये" म्हणून बोलावलंय. मोबाइलवर नोटिशीचा फोटो पाठवलाय. तो आरोपी आहे की साक्षीदार तेही सांगत नाहीत. जायचं काय?

वकीलबाब

संशयित म्हणून बोलावत असतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची नोटीस रीतसर हातात द्यावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये बजावलंय. फोन करणाऱ्याला नम्रपणे सांगा, कागद द्या, आम्ही येतो. कागद आला की मात्र टाळू नका, न जाणं हेच अटकेचं कारण होतं.

साखळीचा सुशांत

शिपाई आत्ताच कागद देऊन गेला. सोमवार, सकाळी दहा. भाऊ, मी आणि आमचा पंच, तिघं जातोय. आल्यावर लिहितो.