सिझर होऊन तीन दिवस झाले, दूध उतरत नाहीये. काय करू?

जागी आई

रात्रीचे पावणेतीन वाजलेत. लेक आत्ता कुठे झोपलीय, म्हणून एका हाताने टाइप करतेय. दुसऱ्या हाताला सलाईनची सुई होती, ती जागा अजून सुजलेली आहे.

माझं सिझर ठरलेलं नव्हतं. सोळा तास कळा सोसल्या, मग बाळाचे ठोके कमी व्हायला लागले म्हणून घाईने आत नेलं. कमरेत भूल दिली होती, त्यामुळे रडणं ऐकू आलं. तिचा गाल माझ्या गालाला लावला आणि लगेच घेऊन गेले, कारण श्वास जलद चालला होता. माझ्या कुशीत आली ती सहा तासांनी. तोवर तिला बाटलीने पावडरचं दूध पाजून झालं होतं. मला कुणी विचारलंही नाही, हे अजून मनातून जात नाहीये.

आज तिसरा दिवस. छाती अगदी मऊ आहे, भरल्यासारखं काहीच वाटत नाही. ती दोन-चार वेळा चोखते, चिडते, सोडून देते. डाव्या बोंडाला चीर पडलीय. काल रात्रभर दर अर्ध्या तासाने रडत होती, तेव्हा सासूबाई काळजीने म्हणाल्या, "दूधच नाही तर ती तरी काय करणार?" आता अंगावर पाजून झालं की दर वेळी ३० मिली पावडरचं दूध देतोय. वजन जन्माला ३१०० ग्रॅम होतं, आज सकाळी २८८०. काल तीन वेळा शू झाली, शी काळसर हिरवी.

उठून बसले की टाके ओढतात. तिला मांडीवर घेतलं की तिचे पाय नेमके टाक्यांवर बसतात. दुखण्याच्या गोळ्या दुधातून तिच्यात जातील म्हणून कालपासून बंद केल्यात.

सिझर झालं म्हणून दूध येणारच नाही, असं असतं का? कुणाला असं होऊन नंतर नीट पाजता आलं असेल तर मला प्लीज सांगा.

दोनदा सिझर

अगं, आधी ती गोळी घे. डॉक्टरांनी लिहून दिलेली, वेळच्या वेळी. बाकीचं वाचायच्या आधी घे.

मी पहिल्या वेळी अगदी हेच केलं होतं. बाळाला औषध नको म्हणून दात आवळून बसले. दुखत असताना, घाबरलेलं असताना पान्हा फुटत नाही. दूध आत तयार असलं तरी ते बाहेर सोडणारं ऑक्सिटोसिन वेदनेने आणि ताणाने अडतं. मी खांदे कानापर्यंत वर ओढून पाजायचे आणि बाळ चोखून चोखून रडायचं. दूध उतरलं पाचव्या दिवशी. दुसऱ्या वेळी गोळी एकदाही चुकवली नाही, तेव्हा चौथ्या दिवशी पहाटे छाती जड झाली.

तुझ्या मुख्य प्रश्नाचं उत्तर: नाही, असं नसतं. दूध यायची खूण शरीराला वार बाहेर पडली की मिळते. वार गेली की प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं आणि त्यामुळे दूध बनायला लागतं. वार खालून पडली काय किंवा पोटातून काढली काय, ती गेली आहे. सिझरनंतर, त्यातून लांबलेल्या कळांनंतर, दूध उतरायला एखादा दिवस जास्त लागू शकतो. तिसऱ्या दिवशी छाती मऊ असणं म्हणजे दूध नाही, असं नव्हे. आत्ता जे आहे ते चिकाचं दूध, आणि ते असतंच थोडं. पहिल्या दिवशी बाळ एका वेळेला जेमतेम २ ते १० मिली पितं.

पण पुढे किती येणार हे छाती किती वेळा रिकामी होते यावर ठरतं. तिला ओढता येत नसेल तर ते काम हाताने करायचं. मला हे दुसऱ्या खेपेला एका सिस्टरने शिकवलं आणि तेवढ्यानेच माझं सगळं बदललं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हात धुवायचे. छाती हलक्या हाताने दोन मिनिटं चोळायची. मग अंगठा वर, बाकीची बोटं खाली, बोंडापासून साधारण दोन बोटं मागे. आधी सरळ मागे, फासळ्यांच्या दिशेने दाबायचं. मग बोटं एकमेकांजवळ आणायची. मग सैल सोडायचं. बोटं कातडीवरून घसरू द्यायची नाहीत आणि बोंड चिमटीत धरायचं नाही, तिथे दूध नसतंच. दाब, जवळ आण, सोड. मला पहिली दोन मिनिटं काहीही आलं नाही. नंतर बोंडाच्या टोकाशी मधाच्या रंगाचा एक थेंब साचला. इतका चिकट की खाली पडेना, चमच्याची कड टेकवून उचलावा लागला. वीस मिनिटांत दोन्हीकडून मिळून चमचाभरसुद्धा झालं नाही. तो चमचा बाळाच्या खालच्या ओठाला टेकवला तर त्याने जीभ बाहेर काढून चाटला आणि पुन्हा तोंड उघडलं. ते बघून मी तेव्हा फार रडले होते.

आता धरायचं कसं. मांडीवर आडवं घेऊन पाजणं सध्या विसर. तिला काखेत घे: कुशीला दोन उशा, त्यांवर ती, तिचे पाय तुझ्या पाठीच्या बाजूला, तुझ्या तळहातावर तिची मान आणि खांदे. डोक्याला मागून ढकलायचं नाही, ढकललं की बाळं मान मागे टाकतात. टाक्यांना काहीही लागत नाही. रात्री कुशीवर झोपून पाज. वळताना पोटाशी उशी दाबून धर, गुडघे दुमडून अख्खं अंग एकदम वळव, आणि घरच्या कुणाला तरी तिला तुझ्या शेजारी ठेवायला सांग. तू वाकून उचलायचं नाहीस.

तोंडात देताना तिचं नाक बोंडासमोर आण आणि थांब. तोंड जांभईसारखं मोठं उघडेपर्यंत थांब. मग तिला छातीकडे आण, छाती तिच्याकडे नेऊ नकोस. हनुवटी रुतलेली हवी, खालचा ओठ बाहेर वळलेला हवा, काळा भाग वरून जास्त दिसायला हवा. पहिल्या काही क्षणांनंतरही चिमटा बसल्यासारखं दुखत राहिलं तर कडेने बोट घालून सोडव आणि पुन्हा लाव. डाव्या बोंडाची चीर त्यामुळेच असणार.

सलाईन खूप दिलं असेल तर बोंडाभोवती सूज येते आणि बाळाला पकडायला काही मिळत नाही. लावायच्या आधी बोटांची टोकं बोंडाच्या मुळाशी गोल ठेवून छातीकडे एक मिनिट दाबून धर. तिथे खळगे पडतात, भाग मऊ होतो. लगेच लाव.

आणि ते सहा तास. मलाही पहिल्या वेळचे अजून आठवतात. तिचा श्वास बघणं गरजेचं होतं, पण तुला विचारायला हवं होतं हेही खरंच आहे. तो वेळ भरून काढायला उशीर झालेला नाही. तिचे कपडे काढ, फक्त डायपर ठेव, तुझ्या उघड्या छातीवर झोपव, दोघींवर पांघरूण घे, तिचं तोंड-नाक मोकळं राहील असं बघ. तू जागी असताना, कुणी जवळ असताना. रोज, जितका वेळ जमेल तितका.

वॉर्डातली सिस्टर

मी बाळंतिणींच्या वॉर्डात काम करते. वरच्या ताईंनी पाजायचं नीट सांगितलंय, मी फक्त आकडे आणि औषधांचं सांगते.

३१०० वरून २८८० म्हणजे सुमारे ७ टक्के घट. पहिल्या दिवसांत वजन उतरतंच, आणि आईला खूप सलाईन गेलं असेल तर बाळाचं जन्मवजन थोडं फुगलेलं असू शकतं. ७ टक्क्यांना आम्ही पाजणं स्वतः बसून बघतो आणि रोज वजन करतो. १० टक्क्यांच्या जवळ गेलं तर वरचं दूध द्यायला मागेपुढे बघत नाही. साधारण १० ते १४ दिवसांत जन्माचं वजन परत आलं पाहिजे. तिसऱ्या दिवशी तीन वेळा शू ठीक आहे. पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत सहा किंवा जास्त हवी, आणि शी पिवळी व्हायला हवी.

काल रात्रीचं रडणं: दुसऱ्या-तिसऱ्या रात्री बहुतेक बाळं असंच करतात, सारखी छातीशी यायला बघतात. सगळ्यांत जास्त आया याच रात्री खचतात. त्यातून दूध वाढायला मदतच होते.

वरच्या दुधाबद्दल. ते दिलंत म्हणून काही बिघडलं नाही, गरज असते तेव्हा ते औषधासारखंच कामाचं असतं. पण तिसऱ्या दिवशी एका वेळेला सगळं मिळून १५ ते ३० मिली पुरतं. प्रत्येक वेळी अंगावर पाजून वर ३० दिलं तर ती पुढचे तीन तास झोपणार आणि तुमची छाती तशीच राहणार. स्वतःच्या मनाने एकदम बंद मात्र करू नका. उद्या वजन झालं की बाळाच्या डॉक्टरांना विचारा, किती कमी करू. तोवर आधी छाती, मग काढलेलं चिकाचं दूध, मग उरलेलं वरचं, आणि तेही बाटलीऐवजी वाटी-चमच्याने. जितक्या वेळा वरचं द्याल तितक्या वेळा हाताने किंवा पंपाने काढा. २४ तासांत ८ ते १२ वेळा छातीशी लावा, रात्रीची एखादी वेळ चुकवू नका.

गोळ्या: पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक दुधात फार कमी उतरतात आणि पाजताना चालतात. कोडीन आणि ट्रॅमॅडॉलचं वेगळं आहे. ती पाजणाऱ्या आईने घेऊ नयेत असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिलाय. तुमच्या चिठ्ठीवर काय आहे ते डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

बाळ उठवूनही पाजायला उठत नसेल, शू कमी झाली, पिवळेपणा पोटावर-पायांवर दिसला, किंवा तुम्हाला ३८ अंशांच्या वर ताप आला, टाके लाल झाले, त्यातून पाणी आलं, तर इथे लिहीत बसू नका, लगेच दाखवा.

पहाटेचा बाबा

घरच्यांसाठी लिहितोय. बायकोचं सिझर झालं तेव्हा मला वाटायचं पाजणं तिचं काम, मी काय करणार. खरं तर पहिले दहा दिवस बाळाला उचलून तिच्यापर्यंत आणणं, उशा लावणं, ढेकर काढणं, डायपर बदलणं हे सगळं मीच करायचो. बाळ झोपाळू असलं की कपडे सैल करून तळवे चोळायचो. एका वहीत वेळ, कोणती बाजू, शू, शी लिहायचो. तिसऱ्या दिवशी आम्हाला वाटत होतं काहीच होत नाहीये, वही बघितल्यावर कळलं की दहा वेळा पाजून झालंय. ताईंच्या नवऱ्याला हे वाचायला द्या.

जागी आई

चौथ्या दिवसाची रात्र. गोळी घेतली, काखेत धरलं. सकाळी हाताने काढायला बसले, उजवीकडून आठ-दहा थेंब आले. सासूबाईंनी चमचा धरला होता, त्यांनीच तिला पाजलं. कालचं वाक्य त्यांच्याही मनाला लागलं होतं बहुतेक, आज त्या दर वेळी उशा लावून देतायत. डॉक्टरांनी वरचं दूध निम्म्यावर आणायला सांगितलंय.

आता वेगळंच झालंय. संध्याकाळपासून दोन्ही बाजू दगडासारख्या टणक झाल्यात, बोंड सपाट, तिला पकडता येत नाहीये. शेक देऊ का?

वॉर्डातली सिस्टर

दूध उतरलं तुमचं. पाजायच्या आधी फक्त मिनिट-दोन मिनिटं कोमट फडकं, मग वर ताईंनी सांगितलेला बोटांचा दाब, थोडं हाताने काढून मऊ करा आणि लावा. पाजून झाल्यावर गार फडकं, त्याने सूज उतरते. जोरात चोळू नका आणि पंपाने पूर्ण रिकामं करत बसू नका, सूज वाढते. एखादा भाग लाल, गरम झाला आणि अंगात कणकण आली तर दाखवा.

दोनदा सिझर

वाचून फार बरं वाटलं गं. डाव्या चिरेला पाजून झाल्यावर दुधाचेच दोन थेंब लावून वाळू दे. आणि पुढच्या दोन-तीन वेळा उजवीकडून सुरू कर, भुकेची पहिली जोरदार ओढ डावीला नको.

जागी आई

नववा दिवस. आज वजन २९९०. शू सात वेळा, शी पिवळी. रात्री एकदा अजून वरचं दूध लागतं, मी खूप थकलेली असते तेव्हा. डावीकडे लावताना सुरुवातीला अजून दुखतं, पण चीर भरत आलीय.

काल दुपारी पाजताना पहिल्यांदा तिचं गिळणं ऐकू आलं. दोन वेळा चोखायची, मग एक छोटासा "क्" असा आवाज, पुन्हा दोन वेळा चोखायची. नवऱ्याला हाक मारून बोलावलं, तोही कान लावून ऐकत बसला. सोडलं तेव्हा तिच्या ओठांच्या कडेला दूध होतं आणि घट्ट आवळलेल्या मुठी उघडल्या होत्या.

ताई, झोपून पाजताना डावीकडच्या कुशीवर अजून वळवत नाही, टाके ओढतात. तुम्हाला ते कितव्या दिवसापासून जमलं?