कॅनडाच्या रॉकी पर्वतातील सहल: कोणते गोल्फ कोर्स ठेवावेत, कोणते सोडावेत?

सह्यवारा (प्रश्न)

नमस्कार. जूनच्या उत्तरार्धात मी, माझी पत्नी आणि माझे वडील असे तिघे आठवडाभर कॅनडाच्या रॉकी पर्वतात जाणार आहोत. कॅल्गरीला उतरून गाडी भाड्याने घ्यायची आणि बॅन्फ किंवा कॅनमोर येथे मुक्काम करायचा, एवढे ठरले आहे. माझा हँडिकॅप (खेळाची पातळी दाखवणारा आकडा; जितका कमी तितका खेळाडू चांगला) अठराच्या आसपास आहे. वडील आयुष्यभर खेळत आले आहेत आणि ग्रीनजवळच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताजवळच्या) खेळात आजही मला सहज हरवतात, मात्र त्यांच्या गुडघ्यांना आता उतार सोसवत नाही. पत्नीने नुकतेच शिकायला सुरुवात केली आहे आणि मागे लोक खोळंबले की ती गांगरते.

आमच्या यादीत बॅन्फ स्प्रिंग्ज, जॅस्पर, कनानास्किसचे दोन्ही कोर्स, सिल्व्हरटिप आणि स्टुअर्ट क्रीक आहेत. छायाचित्रांत सगळेच सारखे देखणे दिसतात, त्यामुळे निवड नेमकी कशाच्या आधारे करावी ते कळत नाही. शक्यतो चालत खेळायला आम्हाला आवडते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पाऊलवाट

डोंगरातील कोर्स निवडताना पहिला प्रश्न हा विचारावा की तो दरीच्या तळाशी आहे की उतारावर. मागचे शिखर दोन्हीकडे तेच असते, म्हणून छायाचित्रात हा फरक कळत नाही. पायांना मात्र तो तिसऱ्या होललाच कळतो. आपल्या यादीपैकी बॅन्फ स्प्रिंग्ज, जॅस्पर आणि कनानास्किस हे तळाशी, नदीच्या किंवा तळ्याच्या काठाने पसरलेले आहेत. सिल्व्हरटिप कॅनमोरच्या वर डोंगराच्या अंगावर आहे आणि त्याच्या सर्वांत खालच्या व सर्वांत वरच्या भागांत सुमारे 600 फुटांचा फरक आहे. तिथे एका ग्रीनवरून पुढच्या टीपर्यंत (पहिला फटका मारण्याच्या जागेपर्यंत) जाणे हीच एक चढाई असते, त्यामुळे तो कार्टमधूनच खेळण्याचा कोर्स आहे. स्टुअर्ट क्रीक या दोहोंच्या मध्ये बसतो: उंचसखल आहे, पण रांगडा नाही, आणि जुन्या कोळसा खाणींच्या खुणा तिथे अजून दिसतात, कारण कॅनमोर हे 1979 पर्यंत खाणकामगारांचे गाव होते. वडिलांच्या गुडघ्यांचा विचार करता सिल्व्हरटिप मी निःसंकोच वगळेन.

उरलेल्यांत बॅन्फ स्प्रिंग्जला पहिला मान द्यावा. त्याची आखणी स्टॅन्ली थॉम्पसन यांची आहे. हा माणूस डोंगराशी स्पर्धा करत नसे, डोंगराला कामाला लावत असे. चौथ्या होलवर, ज्याला ‘डेव्हिल्स कॉल्ड्रन’ म्हणतात, उंचावरील टीवरून हिमनदीने घडवलेल्या तळ्यापलीकडच्या लहानशा ग्रीनवर चेंडू टाकायचा असतो आणि मागे माउंट रंडलचा कडा सरळ उभा असतो. एवढ्या मोठ्या भिंतीपुढे ग्रीन आहे त्यापेक्षा जवळ भासते आणि खेळाडू एक क्लब कमी, म्हणजे चेंडू कमी लांब नेणारी काठी घेतो. ग्रीनला लागूनच आहेत असे वाटणारे बंकरही (वाळूचे खड्डे) पुष्कळदा बरेच अलीकडे असतात आणि मधली सपाटी दुरून दिसतच नाही. अशा ठिकाणी यार्डांच्या आकड्यावर विश्वास ठेवावा, डोळ्यांवर नव्हे. पंधराव्या होलची टी बॅन्फ स्प्रिंग्ज हॉटेलशेजारी असून तिथून स्प्रे नदीवरून फटका मारावा लागतो. थॉम्पसन यांच्या मूळ क्रमात हा पहिला होल होता. ही सुरुवात बदलल्याची मला आजही हळहळ वाटते.

कनानास्किसमध्ये माउंट किड आणि माउंट लोरेट असे प्रत्येकी 18 होल्सचे दोन कोर्स आहेत. रॉबर्ट ट्रेंट जोन्स थोरले यांनी आखलेले हे कोर्स 1983 मध्ये सुरू झाले, जून 2013 च्या महापुराने ते उद्ध्वस्त केले आणि पुनर्बांधणीनंतर 2018 मध्ये ते पुन्हा खुले झाले. दोन्ही खेळण्याचा अट्टहास नको, एक पुरे.

हिरवीवाट

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. पत्नीविषयी मात्र कोणी लिहिले नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

बॅन्फ स्प्रिंग्जच्या 18 होल्सखेरीज तिथेच टनेल माउंटन नावाचा नऊ होल्सचा वेगळा कोर्स आहे. तो 1989 मध्ये जोडला गेला. शिखरे तीच, एल्क हरणे तीच, पण प्रसिद्ध होल खेळायला आलेल्यांचे दडपण तिथे कमी. नवशिक्या खेळाडूला पहिल्याच दिवशी मोठ्या कोर्सवर नेऊन मागच्या गटाला सतत पुढे जाऊ देण्यापेक्षा तिघांनी मिळून हे नऊ होल्स निवांत खेळावेत, असे मला मनापासून वाटते. पत्नीला ते आवडले, तर ती दुसऱ्या दिवशी मोठ्या कोर्सवर आपण होऊन येईल.

दुसरे असे की कोर्सच्या नावापेक्षा टी कोणती निवडता, याने दिवस अधिक घडतो वा बिघडतो. स्कोअरकार्डवर प्रत्येक टीचे स्लोप रेटिंग, म्हणजे सामान्य खेळाडूला तिथून खेळणे किती अवघड जाईल याचा आकडा, छापलेले असते. ते 55 ते 155 या मर्यादेत असते आणि सर्वसाधारण कोर्ससाठी 113 हा आकडा धरला जातो. त्याच कोर्सच्या मागच्या आणि पुढच्या टीमध्ये या आकड्याचा फरक मोठा असू शकतो. अठराच्या हँडिकॅपला 130 च्या वरचा स्लोप दिवसभर झगडायला लावतो. तिघांनी तीन वेगवेगळ्या टींवरून खेळण्यात कोणताही कमीपणा नाही.

उंचीचाही हिशेब ठेवा. बॅन्फ समुद्रसपाटीपासून सुमारे 1,380 मीटर उंच आहे. विरळ हवेमुळे चेंडू साधारण पाच टक्के लांब जातो, म्हणजे 150 यार्डांच्या क्लबने सात-आठ यार्ड जास्त मिळतात. पहाटेच्या गारठ्यात मात्र हा लाभ बराचसा नाहीसा होतो.

उत्तरवारा

जॅस्परविषयी कोणीच बोलले नाही, याचे आश्चर्य वाटते. 1925 चा हा कोर्सही थॉम्पसन यांचाच आहे आणि माझ्या मते बॅन्फपेक्षा सरस आहे. इथे फेअरवेंचा (टी ते ग्रीनमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यांचा) रोख शिखरांवर धरलेला आहे. नवव्या, ‘क्लिओपात्रा’ नावाच्या होलच्या टीवर उभे राहिले की पिरॅमिड माउंटन समोर बरोबर मध्यभागी येतो. शेवटच्या टप्प्यातील काही होल्स लाक बोव्हेर तळ्याला बिलगून जातात. चालायला तो अत्यंत सोयीचा आहे, त्यामुळे वडिलांना तो बॅन्फइतकाच मानवेल.

अडचण अंतराची आहे. बॅन्फ ते जॅस्पर सुमारे 290 किलोमीटर आहे आणि हिमनद्यांच्या बाजूने जाणाऱ्या त्या रस्त्यावर कोणीही न थांबता गाडी हाकत नाही, हाकूही नये. जाऊन, खेळून त्याच दिवशी परतण्याचा विचार मनात आणू नका. दोन रात्री तिथे काढणार असाल तरच जॅस्पर ठेवा, आणि मग कनानास्किस सोडा. जुलै 2024 च्या वणव्यात जॅस्पर शहरातील जवळपास एक तृतीयांश इमारती जळाल्या, म्हणून मुक्कामाची सोय आधी पक्की करा आणि मगच टी टाइमकडे, म्हणजे खेळ सुरू करण्याच्या आरक्षित वेळेकडे, वळा.

पाऊलवाट

उत्तरवारा यांचे जॅस्परवरील प्रेम मला मान्य आहे, पण या कुटुंबासाठी मी तो सुचवणार नाही. आठवड्यातले दोन दिवस रस्त्यावर गेले की उरलेल्या दिवसांत गोल्फची घाई होते. त्याऐवजी बॅन्फचा मोठा कोर्स दोनदा खेळावा. पहिल्या फेरीत माणूस डोंगरच पाहत राहतो. ग्रीनचा उतार नेमका कुठे आहे, कुठला बंकर फसवतो, हे दुसऱ्या फेरीत उमगते. डोंगरातील ग्रीनवर चेंडू बहुधा उंच कड्यापासून दूर आणि दरीकडे वळतो, जरी पायांखालची जमीन सपाट वाटत असली तरी. हे उमगून मारलेला एक लांब पुट (ग्रीनवरून होलकडे घरंगळवलेला फटका) मला चार नव्या कोर्सच्या नोंदींपेक्षा मोलाचा वाटतो.

सह्यवारा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वडिलांशी चर्चा केली. सिल्व्हरटिप आणि जॅस्पर वगळून सुरुवात टनेल माउंटनने करायची, मग बॅन्फ स्प्रिंग्ज दोनदा आणि कनानास्किसचा एक कोर्स, असे ठरले आहे. स्टुअर्ट क्रीकचा निर्णय तिथे गेल्यावर, गुडघ्यांच्या सल्ल्याने घेऊ. आता दोनच शंका उरल्या आहेत: टी टाइम कोणती घ्यावी, आणि प्राण्यांचा त्रास कितपत होतो?

हिरवीवाट

पहाटेची वेळ टाळा. थंड हवा दरीत साचते आणि कड्याच्या सावलीतील ग्रीनवर काही सकाळी जूनमध्येही दहिवर गोठते. गोठलेल्या गवतावर पाऊल पडले की पाती मोडतात, म्हणून ते वितळेपर्यंत खेळ थांबवला जातो. जूनअखेर सूर्यास्त रात्री दहाच्या सुमारास होतो, त्यामुळे बॅन्फची दुसरी फेरी दुपारी उशिराच्या सवलतीच्या वेळेत सहज पूर्ण होते. उन्हाळी दुपारी गडगडाटी पाऊस येऊ शकतो. आकाशात वीज असल्याचा इशारा देणारा भोंगा वाजला की वाद न घालता आडोसा गाठावा.

एल्कच्या माद्यांची पिले जूनमध्ये लहान असतात आणि अशा वेळी त्या चटकन अंगावर येतात. राष्ट्रीय उद्यानाच्या सूचनेनुसार एल्कपासून 30 मीटर आणि अस्वलापासून 100 मीटर अंतर राखावे. चेंडू अशा प्राण्याजवळ थांबला, तर गोल्फच्या नियम 16.2 प्रमाणे धोकादायक प्राण्यामुळे दंडाशिवाय दुसरीकडे, होलच्या अधिक जवळ न जाता, चेंडू टाकता येतो. वडिलांना हा नियम ठाऊक असेलच. पत्नीला आधी सांगून ठेवा, म्हणजे ती चेंडू आणायला धावणार नाही. बॅन्फसाठी राष्ट्रीय उद्यानाचा प्रवेश परवाना लागतो आणि कनानास्किसमध्ये गाडी उभी करायला तिथला वेगळा परवाना घ्यावा लागतो. दोन्ही निघण्यापूर्वी ऑनलाइन घेता येतात.