कोल्हापुरातून रोलाँ गॅरोस : तुम्ही फ्रेंच ओपन कसं बघता?

मे संपत आला की आपल्याकडं वळीव आणि पॅरिसात रोलाँ गॅरोसची, म्हणजे फ्रेंच ओपन टेनिसची, लाल माती. फुटबॉल आणि कुस्तीच्या या गावात टेनिस बघणारे थोडे, पण आहेत ते कट्टर. कुठली मॅच अजून डोक्यातून जात नाही, घरात रिमोट कुणाच्या ताब्यात असतो, सगळं लिहा. 'मी नदालचा' एवढंच लिहून पळू नका.

मंगळवार पेठ

आमच्या घरात टेनिस आजोबांमुळं आलं, आणि आजोबांना टेनिसमधलं काही कळत नव्हतं. ते तालमीतले. २००५ ला टीव्हीवर तांबडी माती दिसली म्हणून थांबले. बिनबाह्यांचा बनियन घातलेला एकोणीस वर्षांचा नदाल बघून म्हणाले, "दंड बघ की गड्याचा." मग चौकशी सुरू : माती कुठली, किती खोल? मी सांगितलं, ती माती न्हवंच, विटांचा चुरा आहे, तोही एक-दोन मिलिमीटर. खाली चुनखडीचा थर, त्याखाली दगड-खडी. आजोबांचं तोंड उतरलं. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मुरवलेल्या कुस्तीच्या हौद्यात आयुष्य काढलेला माणूस. त्यांच्या लेखी ही पावडर लावल्यागत झाली.

पण नदाल त्यांना पटला. "ह्यो दमवून मारतोय," हे त्यांचं समीक्षण, आणि मी त्यावर आजवर काही वाढवू शकलेलो नाही. १४ विजेतेपदं, ११२ सामने जिंकले आणि फक्त ४ हरले, त्यात दमवून मारण्याचा वाटा मोठा. २०१५ ला जोकोविचनं त्याला सरळ तीन सेटमध्ये लोळवलं तेव्हा आजोबा उठता उठता म्हणाले, "वस्ताद बदलायला पायजे." २०१६ च्या शेवटी नदालनं कार्लोस मोयाला कोचिंगला घेतलं आणि २०१७ ला एकही सेट न गमावता स्पर्धा मारली. त्याचं श्रेय आजोबांनी गल्लीभर सांगून स्वतःकडं घेतलं.

शाहूपुरी

मी फेडररवाला. २००८ च्या नदालविरुद्धच्या फायनलवर बोलणार नाही. (६-१, ६-३, ६-०. बोललो.) २००९ ला सॉडरलिंगनं नदालला बाहेर काढलं तेव्हा वाटलं, आता वाट मोकळी. दुसऱ्याच दिवशी फेडरर टॉमी हासविरुद्ध दोन सेट मागं, तिसऱ्यात ३-४ आणि ब्रेक पॉइंट, म्हणजे स्वतःची सर्व्हिस जायच्या बेतात. तिथं त्यानं जो फोरहँड मारला, तो लाइनीला चाटून गेला. दोन बोटं बाहेर पडला असता तर फेडररच्या कपाटात पॅरिसचा कप नसता, असं माझं मत आहे. वरच्या मंगळवार पेठकरांशी यावर वाद घालायची तयारी आहे, चहा त्यांचा.

शिरोली एमआयडीसी

आपण फौंड्रीतले, सेकंड शिफ्ट. पॅरिस आपल्या साडेतीन तास मागं, म्हणजे तिकडं दुपारी तीनला फायनल लागली की इकडं साडेसहा, ऐन कामात. मोबाईल आत न्यायला बंदी. ८ जून २०२५, अल्काराझ-सिनर. जेवणाच्या सुट्टीत लॉकरमधला फोन बघितला : सिनर दोन सेट पुढं. भाकरी गोड लागली नाही.

अकराला गेटाबाहेर आलो तर मित्राचे मेसेज ओळीनं पडलेले. 'संपलं.' 'आता संपलं.' 'थांब.' 'अरे नाही संपलं!!' चौथ्या सेटमध्ये ५-३, अल्काराझच्या सर्व्हिसवर ०-४०, सिनरकडं तीन चॅम्पियनशिप पॉइंट (एक जरी मिळाला तरी कप त्याचा), आणि पठ्ठ्यानं तिन्ही वाचवले. हे जगानं बघितलं, मी मेसेजमध्ये वाचलं. घरी जाईपर्यंत दम निघेना म्हणून तावडे हॉटेलजवळ गाडी कडेला लावून पाचवा सेट फोनवर बघितला. शेजारी एक रिक्षावाले मामा आले. "आयपीएल संपली की परवा, आता काय बघतोयस?" म्हटलं, बसा. टायब्रेक दहा पॉइंटांचा असतो एवढं सांगितलं, बाकी त्यांना आपोआप कळलं. १०-२. एकूण पाच तास २९ मिनिटं, इतकी लांब फायनल तिथं कधी झाली नव्हती. मामांनी मधे दोन भाडी सोडली.

राजारामपुरी

माझी तक्रार आहे. संध्याकाळी टीव्ही सासूबाईंचा, मालिका संपेपर्यंत बोलायचं काम नाही. टीव्ही मोकळा होतो रात्री उशिरा. आणि पॅरिसचं रात्रीचं सत्र सव्वाआठला, म्हणजे आपल्याकडं पावणेबाराला. योग कसा जुळून आलाय बघा! पण २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षी त्या सत्रात बायकांची एकसुद्धा मॅच ठेवली नाही. मला पोलंडची इगा श्वियाँतेक बघायची असते, ती दुपारच्या उन्हात, मी ऑफिसात. २०२५ ची गॉफ-साबालेंका फायनल तेवढी शनिवारी मिळाली, तीही वळवानं लाईट गेल्यामुळं तिसरा सेट फोनवर. साबालेंकाला बघून सासूबाई म्हणाल्या, "ती गोरी पोरगी एवढी ओरडत्या कशाला?" तेव्हापासून त्या गॉफच्या बाजूच्या.

कसबा बावडा

१९९९ आठवतं का कुणाला? जून महिना, क्रिकेट वर्ल्ड कप चाललेला, कारगिलच्या बातम्या, आणि त्यात पेस-भूपतीनं इव्हानिसेविच-टारँगो जोडीला हरवून दुहेरी जिंकली. त्याच शनिवार-रविवारी एकेरीत स्टेफीनं हिंगिसला आणि अगासीनं, दोन सेट मागं पडून, मेदवेदेवला हरवलं. वाचनालयात पेपर दुसऱ्याला मिळू नये म्हणून त्यावर कोपर ठेवून वाचलंय.

ताराबाई पार्क

मी शिकलो तेच मातीच्या कोर्टावर. कोर्ट सांभाळणारे मार्कर मामा सकाळी पाणी मारायचे, रोलर फिरवायचे, मग चुन्यानं लाइना आखायच्या. चेंडू पडला की ठसा उठतो आणि तिथंच भांडण सुरू. रोलाँ गॅरोसला २०२५ मध्येही लाइनमन होते, शंका आली की अंपायर खुर्चीवरून उतरून ठशावर बोट ठेवायचा. बाकीच्या ग्रँड स्लॅममध्ये मशीन निकाल देतं. मला बोटवाला प्रकार आवडतो. आमच्या क्लबात अंपायर नसायचा, चलाख गडी बोलत बोलत ठशावर बूट फिरवून यायचा आणि वर विचारायचा, "कुठं दिसतोय?"

नागाळा पार्क

मुलगी जर्मनीत असते, तिच्या कृपेनं एकदा प्रत्यक्ष गेलो. मोठ्या कोर्टांची तिकिटं परवडेनात, बाहेरच्या कोर्टांचं काढलं, आणि मी तर म्हणतो तेच काढा. खेळाडू हातभर अंतरावर. घसरताना बुटाचा जो खर्रर्र आवाज येतो तो टीव्हीत येतच नाही. सेट संपला की कर्मचारी जाळी ओढत येतात, माती सारखी करतात, लाइना झाडतात, बघत बसावं. कोर्ट १४ जमिनीत खोल बांधलंय, वरून खाली उतरत जायचं, आपल्या खासबाग कुस्ती मैदानाची आठवण आलीच. सिमोन-मॅथ्यू कोर्टाच्या चारी बाजूंना काचेची हरितगृहं आहेत, आत झाडं.

जाणार असाल तर : मेट्रो १० नंबरची, पोर्त द'ओतयला उतरा. तिकीट नावावर असतं, फोनमध्येच, म्हणून पासपोर्ट आणि पॉवर बँक दोन्ही जवळ ठेवा. भडंग नेलं होतं. तपासणीवाल्यानं पिशवी उघडून वास घेतला, परत बांधली आणि जा म्हणाला.