१९८३चं लेनिनग्राड: रॉक बँडवाले जगायचे कसे? (नाटकासाठी नेमका तपशील हवा)

पडद्याआड_नागपूर

नमस्कार मंडळी. राज्य नाट्य स्पर्धेच्या नागपूर केंद्रासाठी दोन अंकी नाटक लिहितो आहे. काळ १९८३चा हिवाळा, गाव लेनिनग्राड, चार जणांचा रॉक बँड. संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवायच्या आधी तपशील पक्का करायचा आहे.

सध्याच्या खर्ड्यात नायक 'कामचात्का' नावाच्या बॉयलरखान्यात कोळसा टाकतो आणि रात्री गातो. पहिल्या अंकाच्या शेवटी केजीबीचा अधिकारी येऊन त्याची गिटार आपटतो आणि 'रॉक गाणी म्हटली' म्हणून अटक करतो. हे पटण्यासारखं आहे का? या लोकांचं पोट कशावर चालायचं, गाणं मंचावर येण्याआधी कुणाची सही लागायची, पैसे कसे मिळायचे आणि नेपथ्यात कोणतं सामान दिसायला हवं, हे जाणकारांनी सांगावं.

---

महालचा_रसिक

भाऊ, गिटार आपटायचा प्रवेश काढून टाका. केजीबीचं लक्ष होतंच, रॉक क्लबवर तर सुरुवातीपासून होतं. पण १९८३मध्ये बँडचा गळा आवळायला गिटार फोडावी लागत नसे. नोकरीची नोंद, गाण्याच्या कागदावरचा शिक्का आणि पैशाचा व्यवहार, या तीन ठिकाणी माणूस अडकायचा. तुमचं नाटक या तीन कागदांवर उभं राहिलं तर ते जास्त भेदक होईल, असं मला मनापासून वाटतं.

आधी हे ठरवा की तुमचा बँड व्यावसायिक आहे की हौशी. तिथे या दोन पूर्ण वेगळ्या दुनिया होत्या.

व्यावसायिक म्हणजे सरकारी नोकर. प्रांताप्रांतांत फिलहार्मोनिया नावाच्या सरकारी संगीतसंस्था होत्या, शिवाय रोसकॉन्सर्ट, मॉसकॉन्सर्ट, लेनकॉन्सर्ट या कार्यक्रम भरवणाऱ्या सरकारी संस्था. त्यांच्या आस्थापनेवर जागा मिळाली तरच कलावंत म्हणून पगार. अशा बँडला 'व्हीआयए', म्हणजे गायन-वादन समूह म्हणत. १९६६च्या सुमारास लेनिनग्राडचा 'पोयुश्चिये गितारी' आणि मॉस्कोचा 'वेस्योलिये रेब्याता' असे समूह निघाले आणि पुढे हाच साचा देशभर चालला.

पैशाचं गणित असं. श्रेणी ठरवणाऱ्या समितीपुढे वाजवून दाखवायचं, मग प्रत्येकाला दर कार्यक्रमामागे ठरलेला दर मिळायचा. आकाशवाणीच्या ऑडिशनमध्ये बी, बी-हाय, ए अशी श्रेणी लागते आणि मानधन त्यावरच ठरतं, तोच प्रकार. तिकीटविक्रीशी वादकाच्या दराचा संबंध नाही. क्रीडागृह खचाखच भरलं तरी गल्ला संस्थेचा. त्यामुळे कमाई वाढवायची एकच वाट उरायची: कार्यक्रमांची संख्या. छोट्या गावांमधून दिवसाला दोन-तीन प्रयोग उरकत जायचे, त्या धावपळीला वादकांच्या बोलीत 'च्योस' म्हणत. आवाज बसणं, ट्रकमध्ये आदळून अॅम्प्लिफायरचे व्हॉल्व्ह जाणं, आजारी वादकाच्या जागी ऐनवेळी दुसरा उभा करणं, हे सगळं त्यातून यायचं.

कार्यक्रमाची मंजुरी कला समितीकडे. समिती सभागृहात बसून आख्खा कार्यक्रम बघते: शब्द, चाली, कपडे, केस, मंचावरची हालचाल. मंजूर यादीत एक गाणं घालायचं तरी ते पुन्हा दाखवावं लागे. गाणी शक्यतो संगीतकार संघाच्या सदस्यांची असावीत हा आग्रह जुनाच होता. १९८४च्या सुमारास तर ८० टक्के गाणी संघाच्या सदस्यांचीच हवीत असा दंडक आला. कार्यक्रम झाला की एक पत्रक भरायचं, 'रापोर्तिच्का': कोणतं गाणं, संगीत कुणाचं, शब्द कुणाचे. ते पत्रक १९७३पासून 'वाप' या कॉपीराइट संस्थेकडे जाई आणि मानधन निघे. हॉटेलांतल्या वाद्यवृंदांनाही हे पत्रक भरावं लागे, म्हणून ज्याचं गाणं देशभरच्या हॉटेलांत वाजे त्या संगीतकाराची चांदी. मंचावर प्रत्यक्ष वाजलेलं आणि पत्रकात लिहिलेलं यांत तफावत ठेवणं ही सर्रास चालणारी युक्ती होती. तुमच्या दुसऱ्या अंकाला ही छान सापडेल.

आता हौशी बँड. तुमच्या कथेला हाच शोभतो. ७ मार्च १९८१ला रुबिन्स्टाइन रस्त्यावर १३ नंबरच्या इमारतीत लेनिनग्राड रॉक क्लब सुरू झाला. तो कामगार संघटनांच्या हौशी कलाभवनाच्या छत्राखाली होता. क्लबमध्ये वाजवायचं तर गाण्यांचे शब्द टंकलिखित करून आधी द्यायचे, मंजुरीचा शिक्का बसला की तेवढीच गाणी म्हणायची. मोबदला शून्य, कारण हौशी कलावंताला पैसे घेता येत नसत. तिकीटविक्री नाही, निमंत्रणपत्रिका. प्रेक्षकांनी खुर्चीत बसून राहायचं, उठून नाचायचं नाही. १९८३पासून क्लबचा वार्षिक महोत्सव सुरू झाला.

सरावाला जागा लागते, ती एखाद्या कारखान्याच्या सांस्कृतिक भवनात मिळायची. बदल्यात शनिवारचे नाच आणि १ मे, ७ नोव्हेंबर (क्रांतिदिन) यांचे समारंभ वाजवून द्यायचे. भवनाचा संचालक बिथरला की खोली गेली, वाद्यंही गेली, कारण ती भवनाच्या दप्तरी नोंदलेली. तुमचा खलनायक हा संचालक करा. तो दुष्ट असण्याची गरज नाही, त्याला स्वतःची खुर्ची सांभाळायची आहे.

---

धरमपेठ_वाचक

वरच्या प्रतिसादात नोकरीचा मुद्दा राहिला, आणि सगळ्यात जास्त भीती त्याचीच असायची.

प्रत्येकाचं एक कामगार पुस्तक असे. ते मालकाच्या, म्हणजे सरकारी आस्थापनेच्या कार्मिक विभागात जमा. नोकरी लागल्याची, सुटल्याची, का सुटल्याची नोंद त्यात. १९६१च्या हुकमानुसार काम न करणं हा गुन्हा, रशियन प्रजासत्ताकाच्या दंडसंहितेत कलम २०९. चार महिन्यांपेक्षा जास्त काळ पुस्तक कोरं राहिलं की पोलीस दारात. याच शहरात १९६४मध्ये कवी ब्रॉड्स्कीला 'ऐतखाऊ' ठरवून पाच वर्षांची हद्दपारी झाली होती, ते सगळ्यांच्या लक्षात होतं. म्हणून रात्रीचा पहारेकरी, झाडूवाला, बॉयलरवाला अशा नोकऱ्या धरायच्या. त्यांत पगार थोडा, पण २४ तास ड्युटी आणि मग तीन दिवस मोकळे. सराव त्या तीन दिवसांत.

१९८३चा हिवाळा घेताय तर आणखी एक धागा आयता आहे. तेव्हाचा सोव्हिएत नेता आंद्रोपोव्ह, त्याच्या काळात कामाच्या वेळेत सिनेमागृहं, दुकानं, सार्वजनिक स्नानगृहं इथे अचानक तपासणी व्हायची: तुम्ही आत्ता कामावर का नाही? दुपारी गिटार घेऊन रस्त्याने जाणारा पोरगा तेव्हा सहज नजरेत भरे. जून १९८३च्या कम्युनिस्ट पक्षाच्या बैठकीत चेर्नेन्को या बड्या नेत्याने संगीत समूहांच्या संशयास्पद गाण्यांवर टीका केली, त्यानंतर खालचे अधिकारी सगळेच धास्तावले.

'कामचात्का' मात्र बदला. 'किनो' बँडचा गायक व्हिक्टर त्सोय त्या कोळशाच्या बॉयलरखान्यात १९८६मध्ये लागला. कामचात्काचं नाव असलेला त्याचा अल्बम १९८४चा, म्हणून लोक काळाची गल्लत करतात. १९८३साठी नाव नसलेला बॉयलरखाना ठेवा.

अटकेचं कारणही बदला. गाणी म्हटली म्हणून थेट खटला भरण्यापेक्षा पैशावरून पकडणं सोपं होतं. कलम १५३, खासगी उद्योग आणि व्यापारी दलाली. मॉस्कोच्या 'वोस्क्रेसेन्ये' बँडचा अलेक्सेई रोमानोव्ह १९८३मध्ये असाच आत गेला. १९८४मध्ये साडेतीन वर्षांची स्थगित शिक्षा आणि मालमत्तेची जप्ती. हौशी बँडने परवानगीशिवाय कार्यक्रम केला, कुणीतरी दारात रुबल गोळा केले, ते वादकांमध्ये वाटले, की गुन्हा पूर्ण. चौकशीत प्रेक्षकांनाच विचारायचे: आत येताना किती दिले, कुणाच्या हातात दिले?

घरगुती मैफलीला 'क्वार्तिर्निक' म्हणत. एखाद्याच्या फ्लॅटमध्ये वीस-तीस माणसं जमिनीवर दाटीवाटीने, दोन साध्या गिटारी, माणशी एक-दोन रुबल. ड्रम नाहीत, कारण शेजाऱ्याने तक्रार केली तर पोलीस येणार. तुमच्या छोट्या मंचाला हा प्रवेश अगदी सोयीचा आहे.

आणि शिक्षा नेहमी कोर्टातूनच यायची असं नाही. मार्च १९८०च्या तिबिलिसी महोत्सवात 'अक्वारियम'च्या बोरिस ग्रेबेन्श्चिकोव्हने मंचावर आडवं पडून गिटार वाजवली. लेनिनग्राडला परतल्यावर त्याची संशोधन संस्थेतली नोकरी गेली आणि कोम्सोमोल या पक्षाच्या युवक संघटनेतूनही काढलं. कोर्ट नाही, वकील नाही. त्याच महोत्सवात मॉस्कोच्या 'माशिना व्रेमेनी' बँडला पहिलं बक्षीस विभागून मिळालं; ते १९७९मध्येच रोसकॉन्सर्टच्या छत्राखाली गेले होते. एकाच मंचावरचे दोन बँड, दोन नशिबं.

---

स्पूल_आणि_सर्किट

सामानाचं मी सांगतो.

गिटार: सोव्हिएत बनावटीची 'उराल' किंवा 'तोनिका', किंवा पूर्व जर्मनीची 'मुझिमा', चेकोस्लोव्हाकियाची 'योलाना'. तिच्यावर फेंडरचं नाव दिसू देऊ नका. वायर हा लोकांच्या हमखास सुटणारा तपशील: 'उराल'ला आपला नेहमीचा जाड जॅक बसत नाही, पाच टाचण्यांचा गोल डिन प्लग लागतो. परदेशी अॅम्प्लिफायरला जोडायचं तर मध्ये हाताने डाख मारलेला अडॅप्टर. त्यातली अर्थिंगची वायर सुटली की गुणगुण सुरू. हे ध्वनिसंकल्पनात वापरा. तारा मिळत नसत, म्हणून जुन्या तारा पाण्यात उकळून पुन्हा चढवायच्या: खाचांत बसलेला घाम-मळ निघतो, आवाज थोडे दिवस उघडतो, पण तार शिणलेलीच राहते आणि सूर टिकत नाही. 'पोलिव्होक्स' सिंथेसायझर १९८२मध्ये आला, किंमत ९२० रुबल. देशातला सरासरी मासिक पगार १९८०मध्ये १६९ रुबलच्या आसपास होता. म्हणजे पहारेकरी पोराच्या हातात तो देऊ नका.

ध्वनिमुद्रण: तबकड्या काढणारी एकच सरकारी कंपनी, 'मेलोदिया', आणि तिचीही कला समिती. हौशी बँडला तिथे दार बंद. लेनिनग्राडमध्ये मग आंद्रेई त्रोपिल्लो पुढे आला. बालतंत्रज्ञ भवनात मुलांना ध्वनिमुद्रण शिकवायचा वर्ग तो चालवायचा आणि त्याच खोलीत 'अक्वारियम', 'किनो' यांचे अल्बम मुद्रित झाले. कागदोपत्री सगळा वर्गाचा सराव.

ज्यांना असा स्टुडिओ मिळत नसे ते दोन टेपरेकॉर्डरवर भागवायचे. पहिल्यावर ड्रम-बेस घ्यायचं, ते वाजवत सोबत गिटार-गाणं म्हणत दुसऱ्यावर उतरवायचं, पुन्हा उलट. प्रत्येक फेरीत खरखर वाढते आणि वरचे सूर मरतात, त्यामुळे झांजा आणि गायकाचा आवाज शेवटच्या फेरीत घ्यायचा. तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर बेसचा चिखल होतो.

प्रसार स्पूलवर. १८ सेंमीच्या चकतीवर पातळ फीत ५२५ मीटर बसते. सेकंदाला १९ सेंमी वेगाने एका बाजूला साधारण ४६ मिनिटं, साडेनऊने दुप्पट. अल्बमची लांबी त्या ४५ मिनिटांच्या आसपास का फिरते ते इथे कळेल. फीत शोस्त्काची 'स्वेमा' किंवा कझानची 'तास्मा'. तिचा तपकिरी थर सुटून हेडवर बसतो, आवाज गुदमरतो, मग काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटने पुसायचं. मुखपृष्ठ म्हणजे फोटो डेव्हलप करून पुठ्ठ्याच्या डब्यावर हाताने चिकटवलेला. पुढे कॉपीची कॉपी, तिची कॉपी. गावोगाव पसरलं तरी बँडला त्यातून काही मिळत नसे.

प्रॉपर्टीसाठी बुधवार बाजारात जुना स्पूलवाला टेपरेकॉर्डर मिळतो का बघा. चालू नसला तरी चालेल, पण चकत्या फिरायला हव्यात.

---

पडद्याआड_नागपूर

सगळ्यांचे मनापासून आभार. केजीबीवाला गेला, संचालक आला. एक शंका: दुसऱ्या अंकात बँडला फिलहार्मोनियात जागा देऊ केली जाते. त्यांनी ती घेतली तर नेमकं काय मिळेल, काय सुटेल? चौघांत फूट पडेल इतका तो पेच खरा होता का?

---

महालचा_रसिक

खरा होता. मिळतं काय? कामगार पुस्तकात 'कलावंत' अशी नोंद, म्हणजे बॉयलर सुटला आणि कलम २०९ची धास्ती संपली. पगार, दौरे, बरी यंत्रसामग्री. सुटतं काय? स्वतःच्या गाण्यांची यादी. वर एक कला संचालक नेमला जाईल, तो केस कापायला लावेल आणि संघाच्या संगीतकारांची गाणी आणून देईल. श्रेणी समितीपुढे चौघेही पास होतील असंही नाही: ज्याला स्वरलिपी वाचता येत नाही, संगीताची पदविका नाही, त्याच्या जागी फिलहार्मोनियाचा माणूस बसवतील. फूट तिथे पाडा. बहुधा ड्रमर. शिवाय नोकरीत गेल्यावरही वर्तमानपत्राचा मारा चुकत नाही: एप्रिल १९८२मध्ये 'कोम्सोमोल्स्काया प्राव्दा'ने 'माशिना व्रेमेनी'वर झोड उठवणारा लेख छापला, तेव्हा ते सरकारी नोकरीतच होते.

शेवटच्या प्रवेशात काळ पुढे नेणार असाल तर तारखा सांभाळा. वैयक्तिक व्यवसायाचा कायदा मे १९८७पासून लागू, सहकारी संस्थांचा कायदा मे १९८८चा. त्याआधी तुमच्या पात्राने उघडपणे तिकीट लावून स्वतःचे पैसे मोजलेले दाखवू नका.

---

स्पूल_आणि_सर्किट

शिक्क्याच्या कागदाचं राहिलं. गाण्याचे शब्द टंकयंत्रावर कार्बन घालून काढलेले दाखवा: वरची प्रत ठळक, खालची पुसट, कार्बनच्या डागांची. शिक्का गोल आणि जांभळ्या शाईचा केला तर मागच्या रांगेतूनही ओळखू येईल. एखादं कडवं काटलेलं असेल तर मंचावर गायक ते गुणगुणतो आणि शब्द गिळतो असं करता येईल, कारण मंजुरी कागदावरच्या शब्दांना असते.