मदत हवी आहे: मैफलीचे फोटो कोणाचे? आयोजकांशी करार कसा करावा?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात मैफलींचे फोटो काढतो. कुठल्या वृत्तपत्राशी बांधलेला नाही. संगीत मंडळं, नृत्यसंस्था, एखादा कॉलेजातला बँड, जो बोलावेल त्याच्याकडे जातो. डिसेंबरात 'सवाई'च्या सुमारास हंगाम जोरात येतो. त्याआधी एक गोष्ट मार्गी लावायची आहे. इथे वकील आहेत, मंडळं चालवणारेही आहेत, म्हणून विचारतो.

बहुतेक आयोजक सगळं फोनवरच ठरवतात. "या तुम्ही, मानधनाचं बघू." कागद नसतो. गेल्या हंगामात एका मंडळासाठी एका गायिकेचे फोटो काढले. पैसे वेळेवर मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण नंतर त्यातलाच एक फोटो प्रायोजकाच्या गृहप्रकल्पाच्या फ्लेक्सवर दिसला. डोळे मिटलेले, हात समेवर येतोय, आणि मागचा तानपुरा कापून तिथे इमारत बसवलेली. माझं नाव नव्हतं ते एक वेळ सोडा. बाईंचाच मला फोन आला, "हा फोटो तुम्ही दिलात का?" दिला होता मंडळाने, आणि बाईंना कोणीच विचारलं नव्हतं. मंडळ म्हणतं, पैसे आम्ही मोजले, फोटो आमचे.

मला हे फार लागलं. माइकच्या दांड्याआड तोंड जाऊ नये म्हणून आम्हाला रंगमंचाच्या अगदी कोपऱ्याशी, तबलजींच्या पायाशी बसावं लागतं. कलाकार तिथे बसू देतात ते निव्वळ विश्वासावर. तो गेला की पुढच्या वेळी मागच्या रांगेतून फोटो काढायचे.

कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम १७ वाचलं. फोटोचा पहिला मालक तो काढणारा. पण कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढला असेल, तर वेगळा करार नसल्यास मालकी सांगणाऱ्याची. म्हणजे कागद नसेल तर मंडळाची बाजू भक्कम. मग हा 'वेगळा करार' लिहायचा कसा? दहा पानी करारनामा पाहिला की सत्तरीतले सचिव दुसऱ्याला बोलावतील. आणि कलाकाराची संमती कोणी घ्यायची, मी की मंडळाने?

जाता जाता एक तांत्रिक शंका. आलापात कॅमेऱ्याचा खटका ऐकू जाऊ नये म्हणून सायलेंट (आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक) शटर वापरतो, तर एलईडी दिव्यांमुळे पांढऱ्या कुर्त्यावर आडवे पट्टे येतात. काय करता?

प्रतिसाद १

आमच्या मंडळाचं काम मी बरीच वर्षं बघतोय, त्यामुळे पलीकडची बाजू सांगतो. करारनामा नको, कार्यक्रमाआधी चार ओळींचा ईमेल पाठवा आणि 'मान्य' असं उत्तर आल्याशिवाय निघू नका. आम्हाला फोटो लागतात स्मरणिकेला, वृत्तपत्राला आणि फेसबुकला. तेवढ्याची परवानगी स्पष्ट द्या, कोणी अडवणार नाही. "प्रायोजकांना द्यायचे असल्यास आधी विचारावे" हे वाक्य मात्र ठळक घाला. आमच्यात दर दोन वर्षांनी कार्यकारिणी बदलते, तोंडी ठरलेलं नव्या लोकांना माहीतच नसतं.

प्रतिसाद २

वकील आहे. कलम ५७ पण वाचा. मालकी दुसऱ्याकडे गेली तरी 'हे काम माझं आहे' असं म्हणण्याचा हक्क तुमचाच राहतो, आणि तुमच्या लौकिकाला बाधा येईल अशी मोडतोड केली तर त्यालाही हरकत घेता येते. तानपुरा कापणं त्यात बसेल का, हे परिस्थितीवर ठरेल.

कलाकाराचा हक्क फोटोच्या मालकीहून वेगळा. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या दाव्यात त्यांचं नाव, आवाज आणि छायाचित्र परवानगीविना व्यापारासाठी वापरण्याविरुद्ध अंतरिम संरक्षण दिलं. तेव्हा फोटो तुमचा असो की मंडळाचा, जाहिरातीसाठी बाईंची संमती हवीच, आणि ती जाहिरात करणाऱ्याने घ्यायची.

प्रतिसाद ३

पट्ट्यांसाठी: आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे त्याच हिशेबाने लुकलुकतात, म्हणून शटरचा वेग १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवून बघा. विलंबितात, म्हणजे संथ लयीत, चालून जातं. तरी पट्टे आले तर दिव्यांची लुकलुक वेगळ्या गतीची आहे असं समजा. मग नेहमीचं, खटका वाजणारं मेकॅनिकल शटर लावा आणि तबला सुरू होईपर्यंत थांबा. द्रुतात, म्हणजे जलद लयीत, खटका कोणाला ऐकू येत नाही.

धागाकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. मसुदा असा केला आहे:

"फोटोंचा कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील. मंडळाला स्मरणिका, वृत्तपत्रं आणि स्वतःच्या समाजमाध्यमांवर ते छायाचित्रकाराच्या नावासह कायम वापरता येतील. प्रायोजकांना किंवा इतर कोणाला द्यायचे असल्यास आधी छायाचित्रकाराची आणि कलाकाराची लेखी संमती घ्यावी. मानधन रु. ____, निम्मे आगाऊ."

वकीलसाहेब, साथीदारांचाही उल्लेख वेगळा करावा लागेल का, की 'कलाकार' यात तबला-पेटीवाले आपोआप येतात? फ्लेक्सवर उद्या त्यांचाही फोटो जाऊ शकतो.