पाहणीत खोट निघाली. घर घ्यायचं की सोडायचं? (सांगली-सातारा)

जुनं घर नाहीतर रो-हाऊस बघायचं, भाव ठरतो, आणि मग इंजिनिअर येऊन भेग दाखवतो. किंवा मोजणीत भिंत शेजाऱ्याच्या जागेत निघते. अशा वेळी पुढे जायचं की मागे फिरायचं? ज्यांचा रोजचा धंदाच हा आहे त्यांनी लिहावं. 'आमच्या काकांचं काय झालं' या कहाण्या नकोत. काय बघायचं, कशानं मोजायचं, कुठे थांबायचं, एवढंच.

स्ट्रक्चरल इंजिनिअर, सांगली

भेगेची आधी दिशा बघा, रुंदी नंतर. कॉलम आणि विटेची भिंत यांच्या सांध्यावर सरळ उभी भेग म्हणजे प्लास्टर करताना जाळी मारलेली नाही. वरच्या मजल्यावर स्लॅबच्या खाली आडवी भेग बहुतेक उन्हाने स्लॅब ताणल्याची. या दोन्हींपायी घर सोडू नका. विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी तिरकी चढणारी, वर रुंद आणि खाली निमुळती भेग मात्र कोपरा खचल्याची असते. रुंदी 5 मिमीच्या वर असेल, किंवा बोट फिरवल्यावर एक कड दुसरीपेक्षा पुढे आलेली लागत असेल, तर पाया उघडून बघितल्याशिवाय व्यवहार पुढे नेऊ नका. भिंतीलगत एक खड्डा, पायाच्या तळापर्यंत. मालक नाही म्हणाला तर तेही एक उत्तरच समजा.

सांगली-मिरजेची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असला की घर तिच्याबरोबर वर-खाली होतं. मे महिन्यात पेन्सिल शिरेल अशी भेग ऑगस्टमध्ये मिटलेली दिसते, म्हणून पावसाळ्यात बघून 'काही नाही' म्हणणारा फसतो. भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं एपॉक्सीने चिकटवा आणि बाजूला तारीख लिहा. दोन-तीन महिन्यांत काच तडकली तर हालचाल चालू आहे. तेवढा वेळ नसेल तर निदान जोत्यालगतचे ड्रेनेजचे चेंबर उघडा. कोपरा खचण्यामागे कित्येकदा गळका चेंबर असतो. तो बदलला आणि घराभोवती मीटरभर रुंद, बाहेर उतार दिलेला कोबा केला, की बरीच घरं जागेवर थांबतात.

स्लॅबसाठी नुसता रिबाउंड हॅमर (पृष्ठभागावर आपटून काँक्रीटच्या ताकदीचा अंदाज देणारा हातोडा) मारून दिलेला रिपोर्ट घेऊ नका. जुन्या काँक्रीटचा वरचा थर कार्बोनेशनने, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने, कडक होतो, त्यामुळे आकडा आहे त्यापेक्षा चांगला येतो. काँक्रीटचा ताजा टवका काढून त्यावर फिनॉल्फ्थेलीन (रंग बदलून दाखवणारं रसायन) फवारा. गुलाबी झालं तर सळईला गंजापासून राखणारा काँक्रीटचा अल्कली गुण शाबूत आहे. रंगच आला नाही, आणि तो बिनरंगी थर सळईपर्यंत पोचला असेल, तर सळई गंजायला वाट मोकळी आहे. अल्ट्रासोनिक चाचणीत काँक्रीटमधून जाणाऱ्या ध्वनिलहरीचा वेग सेकंदाला 3.5 किमीच्या वर असला तर बरं, 3 च्या खाली संशय धरा.

वॉटरप्रूफिंग आणि रिपेरिंग ठेकेदार, कुपवाड

साहेबांनी भेगा सांगितल्या, मी गच्चीचं सांगतो. गच्चीच्या दाराचा उंबरा बघा. गच्चीची फरशी उंबऱ्याला टेकली असेल तर कोब्यावर कोबा मारलाय. चार इंचाचा ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) म्हणजे चौरस मीटरला पावणेदोनशे-दोनशे किलो. दोनदा मारला की स्लॅबवर चारशेच्या आसपास कायमचं ओझं, जे डिझाइनमध्ये धरलेलं नसतं. अशी गच्ची गळत असेल तर वरून केमिकल लावून भागत नाही, सगळं खोदून उतरवावं लागतं. भावात तेच धरा.

स्लॅब खालून हातोडीने ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक. भदभद आला तर तिथं कव्हर, म्हणजे सळईवरचं काँक्रीट, सुटलंय. खडूने गोल करत जा आणि शेवटी गोल मोजा. दोन-चार कोपरे असतील तर रिपेरिंग: सळईच्या मागे 20 मिमीपर्यंत काँक्रीट काढायचं, गंज घासायचा, प्रायमर, मग पॉलिमर मॉर्टर. अर्ध्याच्या वर स्लॅब खडूने भरला तर रिपेरिंगचा हिशेब करत बसू नका, नव्या स्लॅबचा करा.

आणि एकाच खोलीला नवा रंग असेल तर का, हे विचारा.

जुन्या वाड्यांची कामं करणारा, सातारा

साताऱ्याच्या पेठांतल्या दगडी भिंतींना इंजिनिअरचा नेहमीचा फॉर्म लागू पडत नाही. काळ्या दगडाची दोन फूट जाड भिंत म्हणजे बहुतेक दोन पडदे आणि मधे चिपा-माती. दोन्ही पडदे बांधून ठेवणारे आरपार दगड नसले की भिंतीला पोट सुटतं. वरून ओळंबा सोडा आणि वर, मधे, खाली अंतर मोजा. मधे दीड-दोन इंच फुगवटा आला तर त्या भिंतीवर तुळईचं ओझं आहे का बघा. असेल तर भिंत उतरवूनच बांधावी लागेल. हा भाग कोयनेचा आहे, 11 डिसेंबर 1967 चा भूकंप इथल्या घरांनी सोसलेला आहे. त्यानंतर सगळ्या भिंती एकत्र बांधणारा आडवा पट्टा घातलाय का, हे मालकाला विचारा.

तुळयांची भिंतीत शिरणारी टोकं स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. मधली तुळई ठणठणीत आणि टोक भुसा, हे नेहमीचं. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर मारलेलं असेल तर ओल आत कोंडते आणि तेच टोक आधी जातं. डोंगरउतारावरच्या घरामागे धरणारी भिंत असली तर तिची पाण्याची भोकं वाहती आहेत का, ते जुलैत जाऊन बघा.

मोजणीची कामं बघणारा, मिरज

मोजणीत घोळ निघाला म्हणजे आधी विचारा, कुठल्या मोजणीत? खासगी सर्व्हेअरचा नकाशा अंदाजाला ठीक. हद्दीच्या वादात भूमी अभिलेख कार्यालयाची 'क' प्रत, म्हणजे सरकारी मोजणीचा नकाशा, लागते. अर्ज धारकालाच करावा लागतो, म्हणजे विकणाऱ्याकडूनच करून घ्या. लगतच्या सगळ्यांना नोटिसा गेल्या का आणि मोजणीच्या दिवशी कोण हजर होतं, ते बघा. नकाशाखालची टीप वाचा. अभिलेखाची हद्द एका रेषेने आणि वहिवाट दुसऱ्या रेषेने दाखवलेली असते. दोन रेषांमधली जागा म्हणजे तुमचा वाद. कोणाला मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणी (वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी) मागता येते, पण त्यात महिने जातात. तेवढा वेळ तुमच्याकडे आहे का?

एक बारीक गोष्ट. बोलण्यात 'दोन गुंठे' असतात आणि सातबारावर दोन आर. गुंठा 1,089 चौरस फुटांचा, आर 1,076 चा. पंचवीस-सव्वीस फुटांचा फरक चोरी नव्हे. तीनशे फुटांचा असेल तर रस्त्याला गेलेली जागा शोधा.

दस्ताचं काम करणारी वकील, सांगली

मोजणीवाल्या दादांचं बरोबर आहे, पण भिंत दीड फूट शेजाऱ्याकडे गेली म्हणून घर सोडायची गरज नसते. शेजाऱ्याशी लेखी समजुतीचा करार नोंदवून होतो का, ते आधी बघा, आणि तो विकणाऱ्याने खरेदीखताआधी करून द्यायचा. शेजारी कोर्टात गेलेला असेल तर मात्र तुम्ही घर घेत नाही, दावा विकत घेता.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 55 प्रमाणे, ग्राहकाला साध्या काळजीने कळणार नाही असा मोठा दोष माहीत असेल तर विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. उघड दिसणारी भेग यात बसत नाही, ती तुम्ही बघून घेतली असंच धरलं जातं. म्हणून इसार पावतीत वाक्य घाला: 'इंजिनिअरच्या पाहणीत आणि मोजणीत दोष आढळल्यास व तो अमुक तारखेपर्यंत दूर न झाल्यास इसाराची पूर्ण रक्कम परत.' इसार आधीच दिला असेल आणि हे वाक्य नसेल, तर ते घालून सही होईपर्यंत पुढचा रुपया देऊ नका.

भाव पाडून घेतलात तरी मुद्रांक शुल्क रेडी रेकनरचं (सरकारी दरपत्रकाचं) मूल्य आणि ठरलेली किंमत यांतल्या जास्त रकमेवर लागतं. सूट मोजताना हे विसरलं जातं. गुंठेवारीतलं (परवानगीशिवाय तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवरचं) घर असेल तर नियमित केल्याचं प्रमाणपत्र प्लॉटचं आहे की बांधकामाचंही, तेवढं शब्दन्‌शब्द वाचा.

बँकेसाठी मूल्यांकन करणारा, सांगली

आमचं व्हॅल्युएशन म्हणजे पाहणी नव्हे. आम्ही पाया उघडत नाही. पण आमच्या आकड्याने निर्णय पुष्कळदा आपोआप होतो. 60 लाखांचा सौदा, कर्ज 80 टक्के, म्हणजे तुमचे 12 लाख. दोष बघून आम्ही 52 लाख लावले तर कर्ज 41.6 लाख, तुमचे 18.4, आणि मुद्रांक वेगळा. दुरुस्तीचे पैसे त्यावर. हा आकडा घेऊन मग भाव करा.

वायरमन, सांगली गावभाग

पुराचं कोणीच लिहिलं नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 40 फुटांवर आलं की इशारा, 45 ला धोका. 2019 ला पाणी 57 च्या वर गेलं होतं. शेजारच्या भिंतीवर त्या साली पाणी कुठवर होतं, ती खूण विचारा. पारदर्शक लेव्हल पाइप पाण्याने भरून ती खूण या घराच्या भिंतीवर आणा. मग तुमचे डोळे आणि पाण्याची रेघ, दोन्ही समोरासमोर येतात. मीटरच्या पेटीमागे आणि जिन्याखाली गाळाची रेघ राहते, तिथं कोणी रंग मारत नाही.

पाणी शिरलेल्या घराची वायरिंग 500 व्होल्टच्या मेगरने (वायरचं इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने) तपासा. 1 मेगाओहमच्या खाली आली तर खालचा मजला नव्याने ओढायचा. बोअर आणि हौदही उपसून घ्या. पाडून नवं बांधायच्या हिशेबाने घेत असाल तर आधी महापालिकेच्या नगररचना विभागातून प्लॉट निळ्या रेषेत आहे का लाल, ते लेखी घ्या. निळी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या. निळीच्या आत नव्या बांधकामावर बंधनं आहेत, आणि ती कुठल्याही दुरुस्तीने सुटत नाहीत.